शेवटची चाल पुढची

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला फारसे काही वाटणार नाही. मी एक जुने जुळणीयंत्र आहे. दगडी टेबलावर बसवलेला लोखंडी ठोकळा, त्यावर दोन लहान पाट्या, बाजूला काळ्या मुठीचे तीन स्क्रू आणि वरून वाकून पाहणारा एक मायक्रोस्कोप, एवढाच माझा पसारा. रंग दोन ठिकाणी उडाला आहे. डाव्या अंगाला कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा आहे आणि त्यावर शाईने तीन शब्द लिहिलेले आहेत. त्या तीन शब्दांपायी एकदा माझ्यासमोर बसलेल्या माणसांच्या तोंडचे पाणी पळाले होते. तीच हकिगत आज सांगते.

आधी माझे काम समजून घ्या. चिप म्हणजे नखाएवढी एक चकचकीत कपची. तिच्या आत उजेडाने जावे म्हणून एक वाट केलेली असते, केसाहून कितीतरी बारीक. एका चिपमध्ये उजेड तयार होतो आणि दुसरीत तो कामाला लागतो. पहिलीच्या वाटेचे तोंड दुसरीच्या वाटेच्या तोंडाला नेमके भिडवायचे आणि मधे गोंदाचा थेंब सोडून तसेच कायमचे पक्के करायचे, हे माझे काम. तोंडे जरा जरी इकडेतिकडे झाली तरी उजेड बाहेर सांडतो आणि हातात नुसत्या दोन कपच्या उरतात. आता जरा म्हणजे किती? डोक्यावरचा एक केस घ्या आणि त्याच्या जाडीचे दीडशे भाग करा. त्यातल्या एका भागाएवढी चूक खपते. दोन भागांची खपत नाही.

ऐकूनच घाम फुटला असेल. मला फुटत नाही, मी लोखंडाचे आहे. पण माझ्यासमोर बसून भल्याभल्यांना तो फुटलेला मी पाहिला आहे.

मला घडवले एका म्हाताऱ्या फिटरने. माझी पाटी सपाट व्हावी म्हणून तो तिला निळी शाई लावायचा, दुसऱ्या पाटीवर घासायचा आणि जिथे शाई उडाली तेवढाच उंचवटा हाताने खरडून काढायचा. असे त्याने तीन आठवडे केले. शेवटी स्प्रिंग बसवताना तो म्हणाला होता, या पोरीला जपा, बाकी सगळे लोखंड आहे. पोरगी म्हणजे ती स्प्रिंग. स्क्रू पाटीला पुढे ढकलतो आणि स्प्रिंग तिला मागे ओढून स्क्रूला टेकवून ठेवते. दोघांच्या ओढाताणीत पाटी जागच्या जागी घट्ट बसते.

माझ्यासमोर बावीस वर्षे एकच बाई बसली. सगळे तिला ताई म्हणत. पहिल्या दिवशी तिच्या श्वासाने माझी भिंगे धुरकट झाली होती. पुढे ती श्वास असा रोखायला शिकली की मला वाटे, ही बाई जिवंत आहे की नाही. उजवा हात स्क्रूवर आणि डावा तळवा माझ्या बुडाशी, ही तिची बैठक. डोळ्याला दिसायच्या आधी तिला तळव्याला कळायचे. त्या काळात पाहुणे येत, माझ्यासोबत फोटो काढून घेत आणि मी आतल्या आत फुगून जात असे. खोटे कशाला बोलू?

चौदाव्या वर्षी माझी स्प्रिंग थकली. एका आठवड्यात सात जोड वाया गेले. दोष कोणालाच सापडेना. ताईने जेवण सोडले, मला सोडले नाही. शेवटी तिच्या लक्षात आले की स्क्रू पुढे फिरवला की पाटी मुकाट्याने पुढे जाते, पण मागे फिरवला की स्क्रू मागे येतो आणि पाटी मात्र अर्ध्या वाटेत जुन्या वंगणात अडून बसते. थकलेल्या स्प्रिंगला तिला लगेच ओढवत नाही. दोघांमध्ये नजरेला न दिसणारी फट राहते आणि मग केव्हातरी, मनात येईल तेव्हा, पाटी टचकन मागे घसरते. उपाय सोपा होता. नेम चुकून पुढे गेलात तर थोडेसे मागे येऊन थांबायचे नाही. पार मागे जायचे आणि पुन्हा पुढे यायचे. ताईने पट्टीवर लिहिले, 'शेवटची चाल पुढची'. ती माझ्या अंगाला चिकटवली आणि त्यानंतर आठ वर्षे आमचा एकही जोड तुटला नाही. नवी स्प्रिंग मागवायचे मात्र राहून गेले.

मग शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले. ते सगळे आपले आपणच जुळवते. माझ्यावर प्लास्टिक टाकले गेले. कोणीतरी माझ्यावर रिकामे खोके ठेवले आणि त्या खोक्यावर आणखी एक खोके. मला राग आला होता, हेही कबूल करते.

माझी आठवण झाली ती अडचणीत. गावाबाहेरच्या डोंगराखाली बोगदा खणायचे काम चालू होते. तिथे चाळीस माणसे एका वेळी खाली उतरत. जमिनीतून विषारी वायू निघाला तर आधी कळावे म्हणून खाली एक पेटी ठेवलेली असे. हवा हुंगणारी ती पेटी आमच्याकडेच बनलेली होती आणि तिचे काळीज म्हणजे असाच एक दोन चिपांचा जोड. ती पेटी खोटे आकडे दाखवू लागली. बोगद्याचे काम थांबवले गेले. दोन दिवसांत नवा जोड द्या, परवा सकाळच्या पाळीला माणसे खाली उतरवायची आहेत, असा निरोप आला. पेटी जुन्या बनावटीची असल्यामुळे तिच्या चिपा नव्या यंत्रात बसेनात. त्या बसायच्या फक्त माझ्या पाट्यांवर. कपाटात जोड्या उरल्या होत्या दोन.

आणि नेमकी तेव्हाच ताई रजेवर. नऊ दिवसांपूर्वी तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डॉक्टरांनी महिनाभर मायक्रोस्कोपजवळ फिरकू नका म्हणून बजावले होते.

काम आले तिच्या भाचीकडे. ही ताईच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, इंजिनिअर, आमच्याकडे येऊन आठ महिने झालेली. पहिल्याच दिवशी तिने खोलीत येऊन मावशी अशी हाक मारली, तेव्हा ताईने तिला दारातच अडवून सांगितले होते की मावशी घरी, इथे मी ताई. त्यानंतर पोरीने तो नियम एकदाही मोडला नव्हता. हुशार होती, हातही चांगला होता. पण त्या दिवशी तिच्या मानेवर मोठे ओझे होते. तिचे बाबा त्याच बोगद्यात खडक फोडायचे यंत्र चालवत आणि परवा सकाळी खाली उतरणाऱ्या पहिल्या तुकडीत त्यांचा नंबर होता.

पहिली जोडी तिने पहिल्याच दिवशी घालवली. दोन्ही चिपा जवळ आणता आणता एकमेकींना टेकल्या आणि एका वाटेच्या तोंडाचा टवका उडाला. ती बराच वेळ मायक्रोस्कोपमधून डोळा काढेना. मग तिने मावशीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली ती काळा चष्मा लावून. आमचे साहेब दारातच उभे होते. माणूस वाईट नाही, पण दर दहा मिनिटांनी दार उघडून "झालं का?" विचारायची सवय. त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना झालंका साहेब म्हणतात. त्यांनी ताईला खुर्ची दिली, पण भिंतीशी. टेबलाला हात लावायचा नाही, डोळ्याचे काही झाले तर उत्तर मला द्यावे लागेल, असे त्यांनी निक्षून सांगितले. ताई मांडीवर हात ठेवून बसली. माझ्या बुडाशी तिचा तळवा नव्हता, हे मला त्या क्षणापासून खटकत होते.

भाचीने शेवटची जोडी माझ्या पाट्यांवर बसवली. पहिल्या चिपमध्ये उजेड सोडला. दुसऱ्या टोकाला किती पोचतो ते मीटरचा काटा सांगतो. पंच्याहत्तरच्या पुढे काटा गेला की जोड पास. ती स्क्रू हळूहळू पुढे नेत होती. काटा शून्यावर होता, मग जरासा हलला, मग चाळीस, साठ. तिने गोंदाचा थेंब सोडला. हा गोंद बारा मिनिटांत दाटायला लागतो, तेवढ्यात जुळणी संपवावी लागते. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशी.

तेवढ्यात दार उघडले. "झालं का?"

तिची बोटे दचकली. स्क्रू नेमाच्या पुढे गेला आणि काटा सरळ पासष्टवर उतरला. तिने ओठ चावला आणि स्क्रू जरासा, अगदी जरासा मागे फिरवला. काटा वर चढला. ब्याऐंशी. दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा होता तो. ताईचा नियम तिला पाठ होता, पट्टी तिच्या डोळ्यांसमोर होती. पण थेंब सोडून सात मिनिटे झाली होती, साहेब दारात उभे होते आणि काटा ब्याऐंशीवर होता. तिने गोंद पक्का करणारा जांभळा दिवा लावला.

मित्रांनो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली ते कसे सांगू? माझ्या स्क्रूचे टोक पाटीपासून सुटलेले होते. पाटी वंगणात अडून अधांतरी उभी होती आणि थकलेली स्प्रिंग तिला मागे खेचत होती. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते. मला ओरडता येत नव्हते. मी सेकंद मोजत राहिले. सात. आठ. नवव्या सेकंदाला गोंद अर्धवट आवळला होता आणि पाटी टचकन मागे घसरली. काटा ब्याऐंशीवरून एकोणऐंशीवर आला, थरथरला आणि एक्क्याऐंशीवर जाऊन थांबला.

भाचीने ते पाहिले. मी तिच्या बोटांवरून ओळखले.

भिंतीजवळून ताईचा आवाज आला. "शेवटची चाल कुठली होती?"

"पुढची," भाची म्हणाली.

ताईने मीटरच्या दिशेने मान वळवली. साहेबांचा मात्र जीव भांड्यात पडला. एक्क्याऐंशी म्हणजे उत्तम, ते म्हणाले. आता जोड तापवून टिकतो का ते पाहायची गरम पेटीतली तपासणी तेवढी आज सोडून द्या, गाडीवाला चारला येणार होता तो एक वाजताच येऊन बसला आहे, आणि पुढे घाटात रस्त्याचे काम चालू आहे. हेही खोटे नव्हते. भाचीने मान हलवली आणि जोड डबीत ठेवला. तो खोडसाळ जोड माझ्या अंगावरून गेला आणि मला हलके वाटायला हवे होते, पण मला काहीच चांगले वाटले नाही. आत ओढ धरून बसलेला गोंद थंड खोलीत महिनाभरही गप्प राहील. पण ऊब लागली की तो सैल पडतो आणि चिपांना आपापल्या दिशेला सोडून देतो. आणि बोगद्यात किती उकडते हे त्या पोरीइतके आमच्यात कोणाला माहीत नव्हते. बाबांचा सदरा रोज संध्याकाळी पिळून वाळत टाकायचे काम तिच्याकडेच होते.

ती डबीचे झाकण लावत होती. झाकण बसेना. म्हणजे झाकण ठीक होते, तिचा हातच पुढे जात नव्हता.

"मावशी," ती म्हणाली, "मागची होती."

नियम मोडला होता, पण ताईने तिला टोकले नाही. साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिले आणि म्हणजे काय ते विचारले. ताईने त्यांना चार वाक्यांत समजावले. साहेबांचा चेहरा उतरला. आकडा तर पास आहे, कदाचित टिकेलही, असे ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

"गरम पेटीत ठेवा," ताई म्हणाली. "टिकला तर मी स्वतः गाडीत नेऊन ठेवते."

जोड गरम पेटीत गेला. तारा बाहेर काढून मीटरला जोडल्या. तिघेही काट्यापुढे उभे राहिले. पाच मिनिटे झाली तरी काटा ऐंशीवर. साहेबांनी खिशातून रुमाल काढला. आठव्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. मग सत्तर. मग छप्पन. विसाव्या मिनिटाला काटा एक्केचाळीसवर येऊन पडला. इतका कमी उजेड पोचला असता तर बोगद्यातली पेटी वायू आला तरी गप्पच राहिली असती. साहेब ताईच्या खुर्चीत मटकन बसले. भाचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचेही तिला भान नव्हते.

ताई तिला रागावली नाही. तिने फक्त विचारले की द्रावणाची बाटली कुठे आहे. पेटीत पूर्ण वेळ भाजून निघालेला गोंद सुटत नाही, पण वीस मिनिटांचा कच्चा गोंद त्या द्रावणात सुटू शकतो. सुटतोच असे नाही. कधी कधी तो जाताना वाटेच्या तोंडाचा टवका घेऊन जातो. पाऊण तास तो जोड द्रावणात पडून होता. मग चिपा सुटल्या. भाचीने त्या पुसल्या, माझ्या पाटीवर ठेवल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"तोंडं शाबूत आहेत," ती म्हणाली.

साहेब उठले. त्यांनी गाडीवाल्याला थांबायला सांगितले आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतले. नंतर कळले की ते स्वतःच दाराबाहेर पाठ टेकून उभे राहिले होते, म्हणजे कोणी आत येऊन काही विचारायला नको, ते स्वतः धरून.

ताईने हात धुतले. खुर्ची ओढून माझ्याजवळ आणली आणि डावा तळवा माझ्या बुडाशी ठेवला. किती दिवसांनी! मला एकदम धीर आला.

आता मात्र भाचीचा हात थरथरत होता. चाळीस, साठ. थेंब सोडला. सत्तर, शहात्तर, आणि पुन्हा तेच झाले. बोट जरासे जास्त फिरले, नेम ओलांडला गेला, काटा खाली आला.

"सगळं मागे," ताई म्हणाली.

थेंब सोडून पाच मिनिटे झाली होती. भाचीने स्क्रू मागे फिरवला, एक पूर्ण वळसा, मग दुसरा. हाताशी आलेला उजेड असा घालवताना कसे वाटते ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. काटा शून्यावर गेला. मग ती पुन्हा पुढे निघाली. सहा मिनिटे. सात. आकडा अजून शून्यच. आठव्या मिनिटाला काटा हलला. तीस. पन्नास. बहात्तर. नववे मिनिट. अठ्ठ्याहत्तर.

"बस," ताई म्हणाली.

"मघाशी ब्याऐंशी मिळाला होता. अजून थोडं पुढे गेले तर..."

"हा पुढून आलेला अठ्ठ्याहत्तर आहे. दिवा लाव."

तिने दिवा लावला. मीही मोजू लागले. स्क्रूचे टोक पाटीला घट्ट टेकलेले होते, स्प्रिंगने तिला जेवढी होती तेवढी सगळी ताकद लावली होती. सात. आठ. नऊ. ताईच्या तळव्याखाली मी हलले नाही. दहा. अकरा. मिनिटभराने तिने श्वास सोडला, तेव्हा मला कळले की ती तोवर श्वास रोखूनच होती.

गरम पेटीत काटा अठ्ठ्याहत्तरवर राहिला. शेवटी सत्त्याहत्तरवर आला आणि तिथेच थांबला. चार वाजायच्या आत डबी गाडीत होती. ताईने ती खरोखरच स्वतः नेऊन ठेवली.

पुढे अकराव्या दिवशी, भर दुपारी, बोगद्यातल्या पेटीने भोंगा वाजवला. चाळीस माणसे हातातले काम टाकून चालत बाहेर आली. धावायचीही गरज पडली नाही, इतक्या आधी तो वाजला होता. थोड्याच वेळात खालची हवा श्वास घेण्यासारखी राहिली नाही, असे नंतर मोजून काढले.

दुसऱ्या दिवशी भाचीचे बाबा आमच्याकडे आले. बुटांची धूळ आत येऊ नये म्हणून ते बूट हातात घेऊन दारातच थांबले. साहेबांनी आत या म्हणून पुष्कळ आग्रह केला, पण ते आले नाहीत. कुठले ते यंत्र, म्हणून त्यांनी विचारले. भाचीने माझ्याकडे बोट दाखवले. एवढेसे, असे काहीतरी ते पुटपुटले, ते मी मनावर घेतले नाही. मेहुणीने त्यांना सगळे सांगितलेले असावे, कारण ते बराच वेळ लेकीच्या हाताकडेच पाहत होते.

"हात थरथरला होता का गं?" त्यांनी विचारले.

"पहिल्या वेळी नाही, बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळी थरथरला."

त्यांनी मान हलवली आणि खाली बसून बूट घालायला घेतले. नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला.

आता माझ्यावरची खोकी गेली आहेत. ताईचा डोळा बरा झाला आणि ती महिन्यातून एकदा येऊन माझे जुने वंगण काढते, नवे भरते. नवी स्प्रिंगही आली. इतकी वर्षे कोणाला न सुचलेले ते काम साहेबांनी त्याच आठवड्यात केले. खरे तर आता मागे येऊन थांबले तरी माझी पाटी घसरणार नाही. तरीही भाची चुकून पुढे गेली की अजून पार मागे जाते आणि पुन्हा पुढे येते.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखी जुनी यंत्रे असतील. त्यांचे काय दुखते ते त्यांना सांगता येत नाही. ते ज्या माणसाला हाताने कळते त्याला विचारा, आणि थकलेली स्प्रिंग वेळेवर बदला. आणि तुमच्याकडून कधी शेवटची चाल मागची झाली, तर डबीचे झाकण लागायच्या आत कोणाला तरी सांगा. मावशी म्हणून हाक मारली तरी चालेल. माझ्या अंगावरच्या पट्टीची शाई आता फिकट झाली आहे. मला पुसायला घ्याल तेव्हा जरा जपून पुसा, तेवढी पट्टी राहू द्या.